एनएफएसमधील बहुजोडणी : वेग, मार्ग आणि अचूकता यांची एक चिकित्सा

गोषवारा

नेटवर्क फाइल सिस्टीम, म्हणजेच एनएफएस, या प्रणालीत एका क्लायंटने एका सर्व्हरशी एकाच वेळी अनेक टीसीपी जोडण्या ठेवण्याची सोय लिनक्समध्ये २०१९ पासून उपलब्ध आहे. ही सोय म्हणजे संथपणावरील सार्वत्रिक उपाय होय, असा समज महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांत आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. जोडण्यांची संख्या, मार्गांची संख्या आणि कामाची अचूकता हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. बहुजोडणी त्यांपैकी केवळ पहिल्या प्रश्नाला भिडते, आणि तेही प्रामुख्याने एकाच मोठ्या क्लायंटच्या बाबतीत. अनेक लहान क्लायंट असलेल्या प्रयोगशाळेत अडसर बहुधा अन्यत्र असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : एनएफएस, टीसीपी जोडणी, एनकनेक्ट, सत्र, संगणक प्रयोगशाळा

१. प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या विषयांचे प्रात्यक्षिक वर्ग ज्या प्रयोगशाळांत चालतात, त्यांतील एक परिचित रचना अशी असते : साधारण चाळीस संगणक, कोपऱ्यात एक सर्व्हर आणि त्या सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र फोल्डर. विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याचे काम त्याच्यासमोर येते. ही किमया एनएफएसची. ती सुरळीत चालते तोवर तिचे अस्तित्वही कोणाला जाणवत नाही. ती अडखळते तेव्हा मात्र सगळी प्रयोगशाळा एकदम अडखळते.

या परिसरातील एका प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रस्तुत लेखकाने हा अनुभव घेतला आहे. सर्व विद्यार्थ्यांनी एकाच वेळी काम साठवण्यास सुरुवात केली आणि एकामागून एक पडदे गोठले. बाह्य परीक्षकांनी समंजसपणे वेळ वाढवून दिली आणि कोणाचेही काम गेले नाही. परीक्षेनंतरच्या चर्चेत मात्र एकच उपाय पुढे आला : प्रत्येक संगणकावर जोडण्यांची संख्या आठ करावी. तो अमलात आणला गेला. पुढच्या सरावाच्या तासाला पडदे पूर्वीसारखेच गोठले.

उपाय चुकीचा होता काय? तसे म्हणता येणार नाही. तो दुसऱ्या एका रोगावरचा होता. ते दोन रोग कोणते आणि ते वेगळे कसे ओळखावेत, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. एका जोडणीची पार्श्वभूमी

एनएफएसची निर्मिती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये केली. तिची दुसरी आवृत्ती आरएफसी १०९४ या दस्तऐवजाद्वारे १९८९ मध्ये आणि तिसरी आरएफसी १८१३ द्वारे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आरंभीच्या काळात ही प्रणाली यूडीपीवर चालत असे. त्यात जोडणी अशी नव्हतीच. क्लायंटने विनंती पाठवायची, उत्तर न आल्यास पुन्हा पाठवायची, एवढाच व्यवहार होता. पुढे टीसीपीचा वापर रूढ झाला आणि त्याबरोबर क्लायंट व सर्व्हर यांच्यात एक स्थिर जोडणी आली.

लिनक्समध्ये या जोडणीविषयी काटकसरीचे धोरण होते. एका क्लायंटने एकाच सर्व्हरवरील दहा फोल्डर माउंट केले, तरी त्या सर्वांच्या विनंत्या साधारणतः एकाच टीसीपी जोडणीवरून जात. पूर्वी तर त्या जोडणीवर एका वेळी १६ विनंत्याच उत्तराच्या प्रतीक्षेत राहू शकत. पुढे ही मर्यादा गरजेनुसार वाढणारी झाली. सोलारिसमध्ये जोडण्यांची कमाल संख्या ठरवणारे एक चल फार पूर्वीपासून होते, पण त्याचेही मूळ मूल्य एकच होते. म्हणजे बहुजोडणीची कल्पना नवी नाही. नवी आहे ती तिची सुलभता.

एकाच जोडणीच्या मर्यादा तीन आहेत. पहिली टीसीपीच्या स्वभावातून येते. टीसीपी सर्व माहिती पाठवलेल्या क्रमानेच हाती देतो; वाटेत एक पॅकेट हरवले, तर मागून सुखरूप आलेल्या पॅकेटांनाही थांबावे लागते. दुसरी मर्यादा प्रोसेसरची आहे. वेगवान नेटवर्क कार्डाला माहितीच्या अनेक रांगा असतात आणि त्या वेगवेगळ्या गाभ्यांना वाटून देता येतात. मात्र एका जोडणीची पॅकेटे सामान्यतः एकाच रांगेत पडतात, त्यामुळे इतर गाभे रिकामे राहतात. तिसरी मर्यादा जोडकेबलांची आहे. दोन किंवा चार केबल एकत्र करून एक रुंद वाट केली, तरी एक जोडणी त्यांपैकी एकाच केबलवरून जाते. कोणती, हे जोडणीचे पत्ते आणि पोर्ट यांवरून ठरते. चार केबल आणि एक जोडणी असल्यास तीन केबल त्या क्लायंटच्या उपयोगी पडत नाहीत.

सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.३ मध्ये 'एनकनेक्ट' हा माउंट-पर्याय समाविष्ट झाला. त्याद्वारे १ ते १६ जोडण्या ठेवता येतात. वरील तिन्ही मर्यादांवर तो खरोखरच उतारा आहे, याविषयी दुमत नसावे. दहा गिगाबिट किंवा त्याहून वेगवान जाळ्यावर एकच मोठा संगणक एकाच मोठ्या सर्व्हरकडून मोठ्या फाइली वाचत असेल, तेथे या पर्यायाचे महत्त्व मोठे आहे. आक्षेप या पर्यायावर नाही. त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षांवर आहे.

३. दोन रचना, दोन दृष्टी

एकाच नावाचा पर्याय दोन प्रणालींत दोन रीतींनी राबवला गेला, ही गोष्ट चिकित्सेला उपकारक आहे. लिनक्स आपल्या विनंत्या सर्व जोडण्यांवर आळीपाळीने वाटतो आणि वाटताना कोणत्या जोडणीवर रांग मोठी आहे याचा विचार करतो. विनंती लहान आहे की मोठी, हा भेद त्यात नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीत हाच पर्याय २०२१ मध्ये आला. तेथे पहिली जोडणी केवळ लहान संदेशांसाठी राखून ठेवली आहे. मोठे वाचन, मोठे लेखन आणि फोल्डरमधील यादी मागवणे ही कामे उरलेल्या जोडण्यांवर आळीपाळीने जातात.

हा फरक किरकोळ नाही. संगणकासमोर बसलेल्या माणसाला जाणवणारा संथपणा बहुधा लहान विनंत्यांचा असतो. फाइल आहे काय, तिचा मालक कोण, ती शेवटची कधी बदलली, अशा प्रश्नांची उत्तरे काही बाइटांचीच असतात. पण ती एखाद्या प्रचंड फाइलच्या मागे अडकली, तर साधे फोल्डर उघडण्यासही वेळ लागतो.

आपल्या परिसरातील वाचकाला हे सांगण्यासाठी दूरचा दाखला नको. कल्याण जंक्शनच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा क्रमाने जाणाऱ्या लोहमार्गावर वर्षानुवर्षे दोनच मार्गिका होत्या. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस आणि त्यांवरूनच मालगाड्या धावत. एक्सप्रेसला वाट देण्यासाठी लोकल थांबली, की फलाटावरील गर्दीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे. एमयूटीपी ३-अ या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत कल्याण–बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा समावेश झाला, तो या दोन वाहतुकी वेगळ्या करण्याच्या गरजेतून. मार्गिका वाढवणे हा तिचा एक भाग, आणि कोणती गाडी कोणत्या मार्गिकेवरून जाईल हे ठरवणे हा दुसरा. चारही मार्गिकांवर सर्व गाड्या आळीपाळीने सोडल्या, तर गाड्या जास्त धावतील. पण लोकल एक्सप्रेसच्या मागे अडकण्याचे दुःख संपणार नाही.

या निकषावर फ्रीबीएसडीची रचना अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. लिनक्सची रचना एकूण वाहतूक वाढवण्याचा विचार करते. फ्रीबीएसडीची रचना त्याबरोबर प्रतीक्षेचाही विचार करते. लिनक्सच्या बाजूने असे म्हणता येईल, की रांगेची लांबी पाहून वाटप केल्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. ते मान्य केले तरी, मोठ्या संदेशांच्या गर्दीत लहान संदेशाला राखीव वाट मिळत नाही, हे शिल्लक राहतेच.

लिनक्सच्या रचनेबाबत आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. एका सर्व्हरवरील पहिल्या माउंटच्या वेळी जी संख्या दिली जाते, तीच त्या सर्व्हरवरील पुढच्या माउंटनाही सामान्यतः लागू होते, कारण ते सर्व त्याच जोडण्या वापरतात. दुसऱ्या फोल्डरसाठी आठ आकडा लिहून काहीच बदलले नाही, अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम ही बाब तपासावी.

४. जोडणी म्हणजे मार्ग नव्हे

बहुजोडणीविषयीचा सर्वांत घातक गैरसमज टिकाऊपणाचा आहे. आठ जोडण्या असल्यास एक तुटली तरी सात उरतील, असा युक्तिवाद केला जातो. तो आकर्षक आहे, पण अपुरा आहे. आठही जोडण्या त्याच नेटवर्क कार्डातून, त्याच केबलमधून, त्याच स्विचमधून त्याच सर्व्हरच्या त्याच पत्त्यावर जातात. केबल निघाली तर आठही एकदम जातात.

२७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि अन्य यंत्रणांना करावी लागली. त्या ठिकाणी दोन रुळांऐवजी चार असते, तर ते चारही त्याच पाण्याखाली गेले असते. शेजारी शेजारी टाकलेल्या मार्गिका गर्दीचा प्रश्न सोडवतात; पुराचा सोडवत नाहीत. त्यासाठी वाटच वेगळी हवी.

एनएफएसमध्ये अशी वेगळी वाट देण्याची सोय आहे. तिचा पाया चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या उपआवृत्तीत, म्हणजे २०१० च्या आरएफसी ५६६१ मध्ये घातला गेला. २०२० मध्ये आरएफसी ८८८१ ने त्याची जागा घेतली. या उपआवृत्तीने 'सत्र' ही संकल्पना आणली. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातील नाते जोडणीवर अवलंबून न ठेवता सत्रावर ठेवले गेले. एका सत्राला वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेल्या जोडण्याही बांधता येतात. सर्व्हरला दोन स्वतंत्र नेटवर्क कार्डे आणि दोन पत्ते असतील, तर एकच सत्र दोन वाटांनी चालू शकते. लिनक्सच्या क्लायंटमध्ये अशा अतिरिक्त पत्त्यांना वाव देणारा मॅक्स-कनेक्ट हा पर्याय २०२१ च्या अखेरीस, ५.१५ या आवृत्तीत आला. एनकनेक्ट आणि मॅक्स-कनेक्ट ही नावे इतकी जवळची आहेत, की त्यांतील भेद सहज नजरेआड होतो. पहिला त्याच पत्त्याशी जोडण्या वाढवतो, दुसरा वेगळ्या पत्त्यांशी.

तात्पर्य, ज्यास टिकाऊपणा हवा त्याने जोडण्यांची संख्या मोजू नये. सर्व्हरच्या मागील बाजूस जाऊन केबल मोजाव्यात, आणि त्या कोणत्या स्विचमध्ये जातात तेही पाहावे.

५. अचूकतेचा प्रश्न

वेग आणि टिकाऊपणा यांच्याइतकाच महत्त्वाचा, परंतु क्वचितच चर्चिला जाणारा प्रश्न अचूकतेचा आहे. समजा, क्लायंटने एक फाइल पुसण्याची विनंती पाठवली. सर्व्हरने ती पुसली, पण उत्तर वाटेत हरवले. क्लायंटने विनंती पुन्हा पाठवली. आता सर्व्हर तीकडे नवी विनंती म्हणून पाहू लागला, तर अशी फाइल अस्तित्वात नाही असे उत्तर येईल. म्हणजे यशस्वी झालेले काम अयशस्वी म्हणून कळवले जाईल.

हे टाळण्यासाठी सर्व्हर अलीकडे दिलेली उत्तरे काही काळ स्मरणात ठेवतो. तिसऱ्या आवृत्तीत ही व्यवस्था प्रोटोकॉलचा भाग नव्हती. ती प्रत्येक सर्व्हरने आपापल्या परीने केलेली सोय होती. विनंत्या एकाच जोडणीवरून जात होत्या तोवर या सोयीवर फारसा ताण नव्हता. जोडण्या अनेक झाल्या, की पुनःप्रेषित विनंती कोणत्या जोडणीवरून आली आणि ती जुनीच आहे हे सर्व्हरला कसे ओळखता येईल, हा प्रश्न अधिक नाजूक होतो. सत्राच्या संकल्पनेत त्याचे नियमबद्ध उत्तर आहे. प्रत्येक विनंतीला सत्रातील एक स्लॉट आणि अनुक्रमांक दिला जातो. त्यामुळे ती कोणत्याही जोडणीवरून आली तरी सर्व्हर तिला ओळखतो. फ्रीबीएसडीने हा पर्याय ४.१ आणि ४.२ या उपआवृत्त्यांपुरताच मर्यादित ठेवला, तर लिनक्समध्ये तो तिसऱ्या आवृत्तीबरोबरही वापरता येतो. महाविद्यालयाने बहुजोडणी स्वीकारायचीच असेल, तर ती ४.१ किंवा ४.२ बरोबर स्वीकारावी, असे आमचे मत आहे.

६. प्रयोगशाळेचे गणित

आता आरंभीच्या प्रयोगशाळेकडे वळू. चाळीस संगणक म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने आधीच चाळीस जोडण्या. प्रत्येकी आठ केल्यावर त्या ३२० झाल्या. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा वेग मात्र एक गिगाबिटच राहिला, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. चाळीस जणांनी एकाच वेळी लेखन केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीन मेगाबाइट येतात. जोडण्या चाळीस असोत वा ३२०, या भागाकारात त्यांना स्थान नाही. बहुजोडणी एका क्लायंटला अनेकपणा देते. प्रयोगशाळेत तो अनेकपणा मुळातच असतो.

परीक्षेच्या शेवटी साठवल्या जाणाऱ्या फाइली तर लहानच असतात, मग अडसर कोठे? एनएफएसचा सर्व्हर, सुरक्षित पद्धतीने चालवल्यास, माहिती डिस्कवर खरोखर लिहिली गेल्यावरच काम पक्के झाल्याचे कळवतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी यांत्रिक डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. विखुरलेल्या जागी सक्तीने करावयाच्या लेखनांची तिची क्षमताही याच पातळीच्या आसपास असते. चाळीस विद्यार्थ्यांनी एकदम साठवणूक केली आणि प्रत्येक साठवणुकीत अशी काही लेखने असली, तर रांग लागणे अटळ आहे. त्यात सर्व्हरवरील एनएफएसच्या थ्रेडांची मूळ संख्या अनेक वर्षे आठच होती. ते आठही डिस्कची वाट पाहत बसले, की नुसते फोल्डर उघडू पाहणाऱ्यालाही कोणी उत्तर देत नाही. माउंट 'हार्ड' प्रकारचे असल्याने क्लायंट चिकाटीने वाट पाहत राहतो; आपल्याला दिसतो तो गोठलेला पडदा.

निदानासाठी महागडे साधन लागत नाही. एनएफएस-आयओस्टॅट ही लिनक्समधील आज्ञा दोन सरासऱ्या देते : विनंती तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ, आणि क्लायंटमध्ये विनंती निर्माण झाल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचा एकूण काळ. एकूण काळ मोठा आणि तारेवरचा काळ लहान असेल, तर विनंत्या क्लायंटमध्येच तुंबल्या आहेत. तेथे बहुजोडणीचा विचार करावा. तारेवरचाच काळ मोठा असेल, तर दोष जाळ्यात किंवा सर्व्हरमध्ये आहे. आमच्या उदाहरणात तारेवरचा काळ आणि एकूण काळ जवळजवळ सारखे होते. जोडण्या वाढवण्यापूर्वी ही एक आज्ञा चालवली असती, तर पुढची धावपळ वाचली असती. थ्रेडांची संख्या वाढवल्यावर आणि विद्यार्थ्यांची फोल्डरे यांत्रिक डिस्कवरून एसएसडीवर हलवल्यावर पडदे गोठणे थांबले. जोडण्यांची संख्या पुन्हा एक करण्यात आली.

मधल्या काळात आणखी एक सूचना आली होती : लेखन पक्के होण्याची वाट न पाहता सर्व्हरने लगेच होकार द्यावा, म्हणजे 'असिंक' पर्याय वापरावा. वेग त्याने नक्कीच वाढला असता. पण त्या क्षणी वीज गेली, तर विद्यार्थ्याला साठवले गेले असे सांगून झालेले काम प्रत्यक्षात नाहीसे होते. परीक्षेच्या प्रयोगशाळेत असा खोटा होकार स्वीकारता येणार नाही.

७. एक संभाव्य आक्षेप

बहुजोडणीने लाभ नसला तरी तोटा तरी कोणता, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर न्याय्य वाटपात आहे. गर्दीच्या वाटेवर टीसीपी स्थूलमानाने प्रत्येक जोडणीला सारखा वाटा देतो; प्रत्येक माणसाला नव्हे. शिक्षकाच्या संगणकावर १६ जोडण्या आणि उरलेल्या ३९ संगणकांवर प्रत्येकी एक असेल, तर एकूण ५५ वाट्यांपैकी १६, म्हणजे सुमारे २९ टक्के, एकट्या शिक्षकाकडे जातात. सर्वांनी १६ केल्यास वाटा पुन्हा समान होतो आणि कोणालाच लाभ होत नाही. सर्व्हरवरील जोडण्यांचा भार तेवढा वाढतो. शिवाय खरा तोटा निदानाचा आहे. चुकीचा उपाय केल्यावर काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि मूळ शोध थांबतो.

८. समारोप

बहुजोडणी हे उपयुक्त साधन आहे. त्याचे क्षेत्र मात्र मर्यादित आहे : वेगवान जाळे, थोडे पण मोठे क्लायंट, एकत्र केलेल्या केबल आणि अनेक गाभ्यांचे सर्व्हर. मार्ग बंद पडण्याची भीती असेल, तर सत्रावर आधारित स्वतंत्र वाटा हव्यात. अचूकतेची काळजी असेल, तर ४.१ किंवा त्यापुढची उपआवृत्ती हवी. अनेक लहान क्लायंटांच्या प्रयोगशाळेत आधी डिस्क, मग थ्रेड, मग सर्व्हरचे नेटवर्क कार्ड, आणि सर्वांत शेवटी जोडण्यांची संख्या, हा क्रम योग्य ठरावा. खरेदी समितीपुढे मागणी मांडताना विभागप्रमुखांनी तारेवरच्या काळाची आणि एकूण काळाची नोंद सोबत जोडली, तर निधी योग्य ठिकाणी खर्च होईल आणि पुढच्या परीक्षेत विद्यार्थ्याचे लक्ष गोठलेल्या पडद्याऐवजी आपल्या उत्तरावर राहील.